वरच्या मजल्यावरचे यजमान

मुलाखत घेणारी मंडळी हटकून विचारतात, तुमची पहिली भूमिका कोणती? मी गोड हसते आणि सांगते, शाळेच्या गॅदरिंगमध्ये झाड झाले होते. साफ खोटं. आमच्या शाळेत झाड व्हायलासुद्धा वशिला लागायचा. माझी पहिली भूमिका माझ्या बापाची होती. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, आणि मल्लेश्वरममधल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर मी ती जवळजवळ आठ वर्षं केली. कौतुक भरपूर झालं, पण ते सगळं बाबांच्या वाट्याला गेलं.

आम्ही मूळचे नागपूरचे. बाबांना बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून तिघं बंगळुरात आलो आणि कारखान्याच्याच दोन खोल्यांत राहिलो. वर्षभरात बाबा कोणाच्या तरी लग्नाला म्हणून नागपूरला गेले ते गेलेच. आधी फोन आला, थोडे दिवस लागतील. मग फोन आला, मला जरा विचार करायचाय. मग फोनच बंद. लग्न कोणाचं होतं ते आईला कधी नीट कळलं नाही. मला तर वाटतं, त्यांचं स्वतःचंच असावं.

खोल्या कारखान्याच्या, त्यामुळे त्या सोडाव्या लागल्या. आईला मल्लेश्वरममध्ये साडीच्या दुकानात काम मिळालं होतं, म्हणून आम्ही तिथे घर शोधायला लागलो. बंगळुरात घर शोधताना तुमच्याकडे पैसे आहेत का हे नंतर विचारतात. आधी विचारतात, यजमान काय करतात? यजमान म्हणजे नवरा. तो नाही म्हटलं की समोरच्या बाईचा चेहरा असा व्हायचा, की जणू आम्ही चपला घालून देवघरात शिरलोय. एकीने तर आम्हाला आत बसवलं, गरम गरम कॉफी पाजली आणि मग नाही म्हणाली. आई जिना उतरताना म्हणाली, कॉफी मात्र फस्क्लास होती बाप्पा.

घर मिळालं नाही तर एकच रस्ता उरत होता. नागपूरला मामाकडे जायचं, मागच्या खोलीत राहायचं आणि मामीची बोलणी खात जन्म काढायचा. आईला त्याचीच धास्ती होती. ती म्हणायची, मी रस्त्यावर राहीन, पण तिच्या दारात ताट घेऊन उभी राहणार नाही. तेव्हा घर हवंच होतं.

ज्या घरात शेवटी आम्ही राहिलो, त्याच्या फाटकावर पाटी होती, फक्त फॅमिलीसाठी. मालक मराठीच, पण कितीतरी पिढ्या बंगळुरातल्या. त्यांच्या मराठीत निम्मी कानडी. सगळी गल्ली त्यांना अण्णा आणि त्यांच्या बायकोला अक्का म्हणायची, मग आम्हीही म्हणायला लागलो. अण्णांनी खोल्या दाखवल्या, नळ सोडून दाखवला आणि मग विचारलं, यजमान काय करतात? आईने डोळ्याची पापणीही न लववता सांगितलं, बोम्मसंद्र्याला असतात. नाईट शिफ्ट. दिवसभर झोपतात.

अण्णा हळहळले. पाप, म्हणाले, म्हणजे कानडीत बिचारे, एवढ्या लांब जातात, रोज. आणि किल्ली आईच्या हातात दिली.

फाटकाबाहेर आल्यावर मी विचारलं, "आई, बाबा कुठायत?"

"आता वर आहेत," आई म्हणाली.

तर असे बाबा वर राहायला आले. त्यांच्या सामानात दोन जुने शर्ट, एक पँट आणि एक बुटांचा जोड होता, घाईत मागे राहून गेलेला. आई ते शर्ट दिवसाआड धुवायची आणि गच्चीवर सगळ्यांना दिसतील असे वाळत घालायची. कोणाच्या अंगाला न लागता ते शर्ट धुऊन धुऊन विरले. मग दिवाळीला आईने नवा शर्ट आणला. दुकानात तिने तो चांगला निरखून, कॉलर चाचपून, रंग जाईल का म्हणून दहादा विचारून घेतला. मला त्या वर्षी नवा फ्रॉक नव्हता. मी दोन दिवस तोंड फुगवून बसले होते.

बूट माझ्याकडे होते. अण्णा-अक्का संध्याकाळी मालिकेला बसले की मी ते बूट पायात अडकवायची, टाक टाक वाजवत जिना उतरायची आणि फाटकाची कडी वाजवायची. बाबा कामावर गेले. मग बूट हातात घेऊन अनवाणी पायांनी भिंतीला चिकटून वर. एकदा पाय मुरगळला आणि मी तीन पायऱ्या बसूनच उतरले. खालून अक्का ओरडली, स्वल्प सावकाश हो यजमान! तेवढ्या वेदनेत मला हसू आवरेना.

खोकल्याचा शोध मात्र अचानक लागला. अक्का एकदा वाटीत कोसंबरी, म्हणजे डाळीची कोशिंबीर, घेऊन वर आली. अक्काला दारातून आत डोकवायची भारी हौस. बाबा झोपलेत का, म्हणून ती कुजबुजत विचारत होती आणि मान हळूहळू लांब करत होती. आईने मला डोळ्याने खुणावलं. मी आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि खोकले. खोकलेच का, ते देव जाणे. घोरता आलं असतं, शिंकता आलं असतं. पण घशातून एक जाड, भरदार, संसारी माणसाचा खोकला निघाला. अक्का चवड्यांवर चालत जिना उतरली. आईने दार लावलं आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"पोट्टी," ती म्हणाली, "तू तं भारीच खोकलीस."

आईने माझ्या अभिनयाबद्दल केलेलं हे पहिलं कौतुक. त्यानंतर मी मागे वळून पाहिलं नाही, असं मुलाखतीत म्हणतात ना, तसं. मी न्हाणीघरात बादलीत तोंड घालून सराव करायची. आमच्या पीटीच्या सरांचा खोकला पाया म्हणून घेतला आणि त्यात हळूहळू भर घातली. हो म्हणायचा खोकला वेगळा, नको म्हणायचा वेगळा. आत्ता नको, नंतर बोलू, हा एक. असं होय, मग पुढे काय झालं, हा एक. हा शेवटचा बसवायला फार वेळ लागला.

तो बसवावा लागला अण्णांमुळे. अण्णांचा मुलगा अमेरिकेत, फोनवर घाईत बोलणारा. अक्का मालिकांत बुडालेली. तेव्हा अण्णा मी शाळेतून आल्यावर कॉफीचा पेला घेऊन वरच्या पायरीवर येऊन बसायला लागले, आमच्या बंद दाराशी. उठलात काय यजमान, म्हणून विचारायचे. मी आतून खोकायची. मग अण्णा सुरू व्हायचे. पाणी आलं नाही, टँकरवाला फसवतो, मेट्रोने रस्ता खणून ठेवलाय, गुडघा दुखतो. मी आत गणितं सोडवायची आणि ते थांबले की योग्य तो खोकला द्यायची. चुकीच्या जागी दिला तर अण्णा लगेच ओळखायचे. म्हणायचे, यजमान, तुमचं लक्ष नाही आज. मी दचकून वही मिटायची आणि लक्ष द्यायची. हल्ली कार्यशाळांमध्ये मला समोरच्याचं ऐकायचं कसं यावर बोलायला बोलावतात. मी काहीतरी भारदस्त बोलते. अण्णांचा गुडघा कसा सांगणार?

गल्लीत बाबांचं नाव झालं. इतका सज्जन माणूस अक्काने पाहिला नव्हता. चकार शब्द उलटून बोलत नाही, बायकोवर आवाज चढवत नाही, व्यसन नाही, कोणाच्या अध्यात नाही. बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायला लागल्या. गौरी-गणपतीला अण्णा त्यांना खाली जेवायला बोलवायचे. आई म्हणायची, झोप मोडते हो. मग अक्का ताट वर पाठवायची आणि रिकामं ताट परत जावं म्हणून मी आपलं जेवण झाल्यावर बाबांचंही जेवायची. कोसंबरी, चित्रान्न, आणि ओब्बट्टू, म्हणजे आपली पुरणपोळी, त्यावर तुपाची धार. यजमानांना ओब्बट्टू आवडतो हे कळल्यावर अक्का जास्तच वाढायला लागली. माझं वजन वाढलं आणि बाबांची भूक गल्लीत प्रसिद्ध झाली.

आणि एक सांगते, आम्ही स्वतःच फसायला लागलो होतो. खाली ऐकू जावं म्हणून आई मोठ्याने बोलायची, अहो, चहा गार होतोय. अहो, उठता का? मग हळूहळू ती जास्त बोलायला लागली. दुकानात कोणी काय म्हटलं, कंबर किती दुखते, पोरगी कशी ऐकत नाही. खाली कोणी नसलं तरी बोलायची. एकदा मला गणितात नापासाचे मार्क पडले, तर आई कळवळून म्हणाली, "तुझ्या बाबांना कळलं तं काय होईल?" आणि मी घाबरले. खरंच घाबरले. मग आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि पोट दुखेपर्यंत हसलो. हसता हसता आई रडायला लागली. मी आत जाऊन खोकले, तेव्हा कुठे थांबली.

मला खऱ्या बाबांचा राग यायचा. रोज यायचा, बूट पायात घालताना तर फारच यायचा. आणि मला ते हवेही होते, हे कशाला लपवू? लोटलेल्या दाराआड अंधारात उभं राहून खोकताना मला कधी कधी वाटायचं, की मागे वळले तर ते खरंच पलंगावर बसलेले असतील. मी वळायची. खुंटीवर शर्ट असायचा.

अठराव्या वर्षी मी कॉलेज सोडलं आणि ऑडिशन देत हिंडायला लागले. आईने डोक्याला हात लावला, पण तिला तरी काय बोलता येणार? तिनेच तर मला या धंद्याला लावलं होतं. बंगळुरातल्या मालिकावाल्यांनी सांगितलं, तुमच्या कानडीला मराठी वास येतो. पुण्याला गेले तर तिथे म्हणाले, तुमचं मराठी कानडी वाटतं. मी लग्नाच्या गर्दीत उभी राहिले. एका मालिकेत मेलेल्या मावशीच्या तसबिरीत मी होते, तीही हार घातल्यावर निम्मीच दिसायची. बेळ्ळंदूरच्या एका आयटी कंपनीसाठी एक फिल्म केली, त्यात मी जिन्याचा कठडा न धरता उतरते आणि पडते, एवढंच. सात वर्षं जिना उतरायचा सराव होता, पडले मात्र झकास. त्यानंतर महिनाभर बेळ्ळंदूरच्या बसमध्ये अनोळखी माणसं मला बघून म्हणायची, मॅडम, कठडा धरा.

मग एकदा डबिंग स्टुडिओत नव्या नवरीचं रडं भरायला बोलावलं. रडं झालं. तिथे एक साउंडवाला डोकं धरून बसला होता. मालिकेत आजोबा होते, मरणपंथाला लागलेले, भागाभागाला खोकणारे. आणि त्या आजोबांचं काम करणाऱ्या नटाचा घसाच बसला होता. मी दबकत विचारलं, मी खोकू का? सगळे हसले. मी खोकले. हसणं थांबलं. मग साउंडवाल्याने काचेआडून हात जोडले आणि विचारलं, सुनेचा संशय आलाय असा येईल का? मी दिला. मुलाला माफ केलंय पण कळू द्यायचं नाही, असा? तोही दिला. त्या दिवसापासून मला कामं मिळायला लागली. कानडीत खोकले, तेलुगूत खोकले, हिंदीत खोकले. कितीतरी गावच्या पाटलांना आणि निवृत्त न्यायाधीशांना मी हातांनी नाही, घशाने पोचवलं आहे.

एकच घोळ होता. अण्णा-अक्का तीच मालिका बघायचे. एकदा मी खाली पीठ मागायला गेले असताना पडद्यावर आजोबा खोकले. अण्णांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. हा आपल्या यजमानांसारखाच खोकतो की, म्हणाले. अक्काने मान हलवली आणि म्हणाली, छे, यजमानांचा खोकला जास्त घरंदाज आहे. मी पीठ न घेताच वर आले.

आणि मग बाबा आले. खरे.

दुपारची वेळ. आई दुकानात. मी दोरीवरचे कपडे काढत होते, त्यात शर्टही होता. फाटक वाजलं म्हणून खाली वाकून बघितलं, तर चाकांची बॅग ओढत एक माणूस आत आला. केसांना कलप, पोट सुटलेलं, हातात संत्रा बर्फीचा खोका. आठ वर्षांत माणूस इतका बदलतो आणि चालायची ढब तेवढी तशीच ठेवतो. अण्णा पंचा गुंडाळून झाडांना पाणी घालत होते.

बाबांनी सांगितलं, की वर ज्या बाई राहतात त्यांचा मी नवरा. पत्ता मामाने दिला होता. अण्णांनी पाण्याची नळी खाली ठेवली नाही. म्हणाले, यजमान वर आहेत, झोपलेत, नाईट शिफ्ट असते. बाबा हसले. म्हणाले, अहो, मीच तो. अण्णांनी त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. म्हणाले, आठ वर्षं ओळखतो मी त्यांना. रोज बोलतो.

बाबा गोंधळले. ऊन, धूळ, काहीतरी नाकातोंडात गेलं असावं, ते खोकले. बारीक, किरटा, तोंडावर हात धरून. मला धक्काच बसला. आठ वर्षं मी ज्या माणसाचं काम करत होते, त्याचा खोकला असा होता! अण्णांची खात्रीच पटली. असे नाही खोकत ते, म्हणाले.

तेवढ्यात बाबांनी वर बघितलं आणि त्यांना मी दिसले. चेहरा उजळला. खोटं का बोलू, खरंच उजळला. "अगं, ये ना खाली," ते म्हणाले. "बाबा आलेत."

माझा एक पाय जिन्याकडे वळलासुद्धा. अण्णांनीही वर बघितलं. नळीतून पाणी वाहतच होतं, त्यांच्या पायांवर पडत होतं.

"पुट्टी," अण्णा म्हणाले. लहानपणापासून ते मला पुट्टीच म्हणायचे, म्हणजे छोटी. "यजमान आहेत ना आत? स्वल्प विचारून ये, ह्या गृहस्थांना ओळखतात काय."

अण्णांचा चेहरा अगदी सरळ होता. त्यांना काय ठाऊक होतं आणि कधीपासून, हे मी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. मला एवढंच कळलं, की मी जे सांगेन ते अण्णा धरून चालतील. हे माझे बाबा असं म्हटलं, तर आठ वर्षांचं खोटं उघडं पडलं. मग फाटकावरची ती पाटी, घरं शोधत फिरणं आणि मामीची मागची खोली. किंवा त्याहून वाईट म्हणजे बाबा बॅग घेऊन वर येणार, आतल्या पलंगावर बसणार आणि आई त्यांना चहा देणार. तो पलंग रिकामा नव्हता हो. तिथे आमचा माणूस होता.

मी शर्ट खांद्यावर टाकून आत गेले आणि दार लोटलं. खोकायचं होतं. पण खोकला येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझा प्रवेश चुकत होता. मी शर्ट तोंडावर दाबला, नाक पुसलं, श्वास घेतला आणि खोकले. जाड, भरदार. नको म्हणायचा.

खालून अण्णांचा आवाज आला.

"ऐकलंत? ओळखत नाही म्हणतात."

बाबा बराच वेळ उभे होते. वर खिडकीकडे बघत होते. त्यांना काय कळलं, कोण जाणे. मग त्यांनी बर्फीचा खोका फाटकाच्या भिंतीवर ठेवला आणि निघाले. रस्ता खणलेला होता, त्यांच्या बॅगेची चाकं कितीतरी वेळ वाजत राहिली. थोड्या वेळाने अण्णा खोका घेऊन वर आले, दाराशी ठेवला, यजमानांना द्या म्हणाले आणि खाली गेले. त्या दिवशी ते पायरीवर बसले नाहीत.

आई संध्याकाळी आली. मी सगळं सांगितलं. ती खुर्चीवर बसली आणि विचारलं, ते वाळलेत का? मी म्हटलं, नाही, सुटलेत. शर्ट कोणता होता? मी म्हटलं, चौकड्यांचा. तिने खोका उघडून एक वडी खाल्ली आणि सावकाश चावत राहिली. नागपूरच्या आपल्या नेहमीच्याच दुकानातली आहे, म्हणाली. मग उठून चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"तो अजून गावातच असेल," ती म्हणाली. "फोन केला तं येईल."

आई माझ्याकडे वळलीच नाही. ती आतल्या दाराकडे बघत होती, आणि खाली ऐकू जाणार नाही अशा आवाजात, अगदी रोजच्यासारखं म्हणाली, "अहो, ऐकता का? काय करायचं म्हणता?"

गाळणी हातात धरून ती थांबली. मी उठले, आत गेले, दार लोटून घेतलं आणि खोकले, दुपारच्यासारखंच.

"बरं," आई म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं." आणि चहा गाळायला लागली.